लॅपटॉपची स्क्रीन टीव्हीवर: मध्ये वायर नाही, इंटरनेटही नाही

मराठवाड्यात मोठा टीव्ही आता घराबाहेरही पुष्कळ ठिकाणी दिसतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत लोकवर्गणीतून घेतलेला असतो, ग्रामपंचायतीच्या सभागृहात भिंतीला टांगलेला असतो, लातूर-नांदेडच्या क्लासमध्ये फळ्याशेजारी लावलेला असतो. जोडीला लॅपटॉपही असतो. तरीही नकाशा, धडा किंवा जमाखर्चाचा तक्ता दाखवायची वेळ आली की पेनड्राइव्हची शोधाशोध सुरू होते, नाहीतर पोरांना लॅपटॉपभोवती दाटीवाटीनं बसवलं जातं. वायरशिवाय जोडता येतं हे ठाऊक असलेली माणसंही अडतात, कारण एक समज पक्का बसलाय: "सर, नेटच नाही तर टीव्हीवर कसं दिसंल?"

दिसतं. लॅपटॉपचं चित्र टीव्हीपर्यंत जातं ते वायफायच्या लहरींवरून, आणि वायफाय व इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या गल्लीतल्या शेजाऱ्याकडे जायला हायवेवर चढावं लागत नाही, तसंच एकाच खोलीतल्या दोन यंत्रांना एकमेकांशी बोलायला बाहेरचं नेट लागत नाही. टॉवरची रेंज दोन काड्यांवर आलेल्या गावातही हे काम होतं. म्हणून हा लेख गावातली शाळा, ग्रामपंचायत आणि घर डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे.

पेनड्राइव्हपेक्षा हा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो, त्यालाही कारण आहे. जुन्या मराठी फाइली बऱ्याचदा युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्राला वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत नसतात. श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये केलेलं सादरीकरण पेनड्राइव्हनं टीव्हीत घातलं, तर उघडलंच तरी अक्षरांच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसतात, कारण टीव्हीत तो फाँटच नसतो. स्क्रीन पाठवली की फाइल लॅपटॉपवरच उघडलेली राहते. टीव्हीला फक्त चित्र मिळतं, आणि लॅपटॉपवर जे नीट दिसतंय ते तिकडेही तसंच दिसतं.

आधी टीव्हीला कोणती भाषा कळते ते पाहा

बहुतेक ठिकाणी काम बिघडतं ते इथे. यंत्रं चांगली असतात, पण लॅपटॉप एका पद्धतीनं हाक मारतो आणि टीव्हीला दुसरीच पद्धत येत असते. सध्या चालणाऱ्या पद्धती मुख्यतः तीन आहेत.

पहिली मिराकास्ट. वायफाय अलायन्स या संस्थेनं 2012 साली ती आणली. यात लॅपटॉप आणि टीव्ही थेट एकमेकांना जोडले जातात. मध्ये राउटर, म्हणजे वायफाय देणारी पेटी लागत नाही, इंटरनेट लागत नाही. विंडोज 8.1 पासून पुढच्या विंडोजमध्ये ही सोय आहे, मात्र लॅपटॉपमधलं वायफाय आणि ग्राफिक्स दोन्हींना ती जमायला हवी. गावच्या शाळेसाठी मी आधी हीच करून पाहायला सांगेन.

दुसरी गूगल कास्ट. क्रोमकास्ट 2013 मध्ये आलं तेव्हापासूनची ही पद्धत. गूगल टीव्ही किंवा अधिकृत अँड्रॉइड टीव्ही असेल तर ती आतच असते. इथे मात्र लॅपटॉप आणि टीव्ही दोघंही एकाच वायफायवर असावे लागतात.

तिसरी एअरप्ले, ॲपलच्या यंत्रांची. मॅक असेल तरच तिचा विचार करायचा. 2019 पासून सॅमसंग, एलजी, सोनी यांच्या काही टीव्हींमध्येही ती आली आहे.

टीव्हीच्या मेनूत या पद्धती वेगवेगळ्या नावांनी लपलेल्या असतात. एलजीत 'स्क्रीन शेअर' शोधा. सॅमसंगमध्ये 'स्मार्ट व्ह्यू' किंवा 'स्क्रीन मिररिंग' हे शब्द दिसतील. बऱ्याच मॉडेलांत वेगळं काही उघडावं लागत नाही, टीव्ही चालू असला की लॅपटॉपच्या यादीत आपोआप येतो. फायर टीव्ही स्टिक असेल तर रिमोटचं होम बटण दाबून धरा, 'मिररिंग' आलं तर तेच. स्वस्तातल्या अनेक टीव्हींत आणि शाळांतल्या मोठ्या टच पॅनेलांत 'मिराकास्ट' किंवा 'ईशेअर' नावाचं ॲप असतं. ईशेअर असेल तर ते उघडल्यावर पडद्यावर एक पत्ता दिसतो. तो लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये टाकून त्यांचं छोटं सॉफ्टवेअर एकदा उतरवून घ्यावं लागतं, मग काम सोपं होतं.

टीव्ही साधा असेल, म्हणजे स्मार्ट नसेल पण मागे एचडीएमआयचं भोक असेल, तर त्यात स्टिक किंवा मिराकास्टचा डोंगल, म्हणजे भोकात बसवायचं छोटं यंत्र, लावता येतो. घेताना दुकानदाराला 'मोबाइल चालतो का' एवढंच विचारू नका. 'विंडोज लॅपटॉपची स्क्रीन येते का' असं विचारा, आणि लॅपटॉप सोबत नेऊन तिथेच लावून पाहा. घरी आणल्यावर डोंगलला वीज त्याच्या स्वतःच्या ॲडॉप्टरवरून द्या. टीव्हीच्या यूएसबी भोकातून अनेकदा अर्धाच अँपिअर मिळतो. तेवढ्यावर तो सुरू होतो, पण मध्येच बंद पडून पुन्हा चालू होत राहतो.

विंडोजवरून, मिराकास्टनं

लॅपटॉपचं वायफाय चालू करा. कोणत्याही नेटवर्कला जोडायची गरज नाही, फक्त चालू हवं. एअरप्लेन मोड लावू नका, त्यानं वायफाय बंद होतं. टीव्हीवर स्क्रीन शेअर किंवा मिररिंगचं पान उघडून ठेवा.

आता कीबोर्डवर विंडोजची खूण असलेलं बटण दाबून धरा आणि इंग्रजी के दाबा. उजवीकडे एक पट्टी उघडेल आणि आसपासचे टीव्ही शोधू लागेल. अर्धा मिनिट थांबा. आपल्या टीव्हीचं नाव आलं की त्यावर क्लिक करा. पहिल्या वेळी टीव्ही परवानगी विचारतो किंवा पडद्यावर अंकांचा पिन दाखवतो. रिमोटनं होकार द्या किंवा तो पिन लॅपटॉपवर भरा. काही सेकंद पडदा काळा होतो. या वेळी घाबरून बटणं दाबत सुटू नका, जोडणी होतेय. मग लॅपटॉपचं चित्र टीव्हीवर येतं.

पट्टीच उघडली नाही किंवा मिराकास्ट चालत नसल्याचा संदेश आला, तर खात्री करून घ्या. विंडोज आणि आर एकत्र दाबा, आलेल्या चौकटीत डी, एक्स, डी, आय, ए, जी ही इंग्रजी अक्षरं सलग लिहा आणि एंटर मारा. उघडलेल्या खिडकीत खाली 'सेव्ह ऑल इन्फर्मेशन' आहे. त्यातून तयार होणाऱ्या मजकुरात मिराकास्टची एक ओळ असते. तिथे 'अव्हेलेबल' असेल तर लॅपटॉप तयार आहे. वायफाय ड्रायव्हर किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरचं (ड्रायव्हर म्हणजे तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर) नाव घेऊन नकार दिला असेल, तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून तो ड्रायव्हर नवा करा. विंडोज अपडेटच्या ऐच्छिक अपडेटमध्येही तो कधी कधी मिळतो. शाळेचा जुना डेस्कटॉप नुसत्या लॅन केबलवर चालत असेल, तर त्यात वायफायच नसतं, मग ही पद्धत तिथे लागू नाही. त्यासाठी पुढची पद्धत आहे.

जोडणी झाली की लगेच विंडोज आणि पी दाबायची सवय लावा. चार पर्याय येतात. 'डुप्लिकेट' म्हणजे दोन्हीकडे सारखंच चित्र. 'एक्स्टेंड' म्हणजे टीव्ही हा लॅपटॉपचा दुसरा, वेगळा पडदा होतो. 'सेकंड स्क्रीन ओन्ली'मध्ये लॅपटॉपचा पडदा बंद होऊन फक्त टीव्हीवर दिसतं. चौथा पर्याय पुन्हा फक्त लॅपटॉपवर यायचा.

बहुतेक जण डुप्लिकेटवर थांबतात. चारचौघांसमोर दाखवायचं असेल तर मी आग्रहानं एक्स्टेंड सांगतो. ग्रामसभेत कामांची यादी दाखवताना ज्या लॅपटॉपवरून दाखवतात, त्याच्याच डेस्कटॉपवर लोकांच्या आधारच्या प्रती, पासबुकाचे फोटो, कुणाचा तरी सातबारा पडलेला असतो. व्हॉट्सॲप वेब उघडं असेल तर घरचा निरोपही सगळ्या गावासमोर झळकतो. लोकांनी विश्वासानं दिलेली कागदपत्रं भिंतीवर दिसता कामा नयेत. एक्स्टेंडमध्ये जी खिडकी तुम्ही माउसनं ओढून टीव्हीकडे सरकवाल तेवढीच लोकांना दिसते, बाकी सगळं तुमच्यापाशी राहतं. शिकवणाऱ्यांना आणखी एक फायदा होतो. पॉवरपॉइंटच्या 'स्लाइड शो' टॅबमध्ये 'प्रेझेंटर व्ह्यू' चालू करा. मुलांना स्लाइड दिसते आणि तुमच्या पडद्यावर तुमच्या टिपा, पुढची स्लाइड आणि घड्याळ.

डुप्लिकेटच ठेवायचं असेल तर निदान सूचना बंद करा. विंडोज 11 मध्ये 'डू नॉट डिस्टर्ब', विंडोज 10 मध्ये 'फोकस असिस्ट'.

आवाज टीव्हीतून येत नसेल तर खालच्या पट्टीतल्या स्पीकरच्या खुणेवर जा आणि आवाज कुठून काढायचा त्या यादीतून टीव्हीचं नाव निवडा. चित्र गेलं म्हणजे आवाजही गेला असं दर वेळी होत नाही, हे तपासूनच मुलांना आत बोलवा.

काम संपलं की विंडोज आणि के दाबून 'डिस्कनेक्ट' करा. नुसतं टीव्ही बंद करून उठू नका.

क्रोमवरून, गूगल कास्टनं

टीव्ही गूगलचा असेल आणि लॅपटॉपच्या यादीत दिसत नसेल, तर वेळ न घालवता क्रोम उघडा. अशा अनेक टीव्हींमध्ये मिराकास्ट दिलेलंच नसतं.

लॅपटॉप आणि टीव्ही एकाच वायफायवर आणा. लॅन केबलवरचा डेस्कटॉपही चालतो, फक्त केबल त्याच राउटरची हवी. क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर जाऊन 'कास्ट' शोधा. नव्या क्रोममध्ये ते 'कास्ट, सेव्ह अँड शेअर'च्या आत असतं. टीव्हीचं नाव निवडण्याआधी 'सोर्सेस'मध्ये जा. तिथे 'टॅब' निवडलं तर क्रोमचा तेवढाच टॅब जातो, 'स्क्रीन' निवडलं तर सगळा पडदा. व्हिडिओ दाखवायचा असेल तर टॅब बरा, आवाज सोबत नीट जातो. लॅपटॉपमध्ये साठवलेला व्हिडिओ ओढून क्रोमच्या रिकाम्या टॅबमध्ये सोडला की तोही टॅबसारखा पाठवता येतो. बालभारतीच्या पुस्तकांची पीडीएफही अशीच क्रोममध्ये उघडून दाखवता येते.

राउटर नसेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप आणि टीव्ही दोघांना त्यावर घ्या. या पद्धतीत सुरुवातीला टीव्हीला इंटरनेटशी बोलायचं असतं, म्हणून मोबाइलचा डेटा चालू ठेवा. एकदा टॅब किंवा स्क्रीन जाऊ लागली की ते चित्र लॅपटॉपवरून हॉटस्पॉटमार्गे टीव्हीकडे जातं, त्यानं डेटा खर्च होत नाही. एका बाबतीत मात्र सावध राहा. यूट्यूबच्या पानावरचं स्वतःचं कास्ट बटण दाबलं, तर लॅपटॉप फक्त पत्ता सांगतो आणि व्हिडिओ टीव्ही स्वतः इंटरनेटवरून ओढतो. मोठ्या पडद्यावर, भारी दर्जात. दिवसाचा दीड-दोन जीबीचा पॅक त्यात बघता बघता उडतो. व्हिडिओ आदल्या दिवशी उतरवून ठेवणं केव्हाही चांगलं. दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपमधले पुष्कळ धडे मोबाइलवर उतरवून ठेवता येतात; मोबाइलवरूनच दाखवायचे असतील तर त्याच्या 'स्क्रीन कास्ट' किंवा 'स्मार्ट व्ह्यू'मधून थेट टीव्हीला जोडा.

वायफायचे 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे (बँड) असतात. टीव्ही जुना असेल तर त्याला 5 गिगाहर्ट्झचं वायफाय दिसतच नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड 2.4 गिगाहर्ट्झ करा, नाव लगेच यादीत येईल.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर वरच्या पट्टीतल्या कंट्रोल सेंटरमध्ये 'स्क्रीन मिररिंग' आहे. एअरप्ले असलेला टीव्ही त्याच वायफायवर असला की नाव दिसतं, पिन भरला की झालं. लिनक्स असलेल्या संगणकांवर क्रोमची वर सांगितलेली पद्धत तशीच चालते. मिराकास्ट हवंच असेल तर 'नोम नेटवर्क डिस्प्लेज' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे.

चित्र अडखळतं तेव्हा

जोडणी झाली पण चित्र तुटक येतंय, आवाज मागे पडतोय, ही तक्रार सगळ्यांत जास्त. तिची कारणं आपल्याकडच्या घरांत आणि खोल्यांतही असतात.

धाब्याच्या घरांच्या, जुन्या वाड्यांच्या भिंती दीड-दोन हात जाड असतात. उन्हाळ्यात त्या थंडावा देतात, पण वायफाय त्यांतून पलीकडे जेमतेम पोचतं, आणि 5 गिगाहर्ट्झचं तर आणखी कमी. राउटर माजघरात आणि टीव्ही ओसरीवर असेल तर कास्ट तुटणारच. अशा घरात मिराकास्ट वापरा आणि लॅपटॉप टीव्हीच्याच खोलीत, समोरासमोर ठेवा. पत्र्याच्या खोलीत अडचण वेगळी असते. पत्रा लहरी परतवतो. राउटर किंवा हॉटस्पॉटचा मोबाइल लोखंडी कपाटावर, कपाटामागे किंवा पत्र्याला चिकटून ठेवू नका. खोलीच्या मध्यावर, टेबलावर ठेवा.

शहरात, म्हणजे संभाजीनगर किंवा लातूरच्या दाट वस्तीत, शेजाऱ्यांची वीस-वीस वायफाय नावं दिसतात. 2.4 गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांना न धडकणारी चॅनेल तीनच असतात: 1, 6 आणि 11. सगळे तिथेच गर्दी करतात, ब्लूटूथचा माउस आणि स्पीकरही त्याच पट्ट्यात बोलतात. तिथे शक्य असेल तर 5 गिगाहर्ट्झ वापरा.

मिराकास्टवर एक बारीक गोष्ट फार उपयोगी पडते. लॅपटॉप एकाच वेळी राउटरशीही जोडलेला असेल आणि टीव्हीशीही, तर त्याचं वायफाय कार्ड दोन्हीकडे पळत राहतं. साठवलेली फाइलच दाखवायची आहे ना? मग राउटरची जोडणी तोडा, वायफाय मात्र चालू ठेवा. अडखळणं पुष्कळदा तिथेच थांबतं.

लॅपटॉप चार्जरवर असू द्या. बॅटरीवर तो वीज वाचवायला वायफायचा जोर कमी करतो. 'पॉवर ऑप्शन्स'च्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'वायरलेस ॲडॉप्टर'ला 'मॅक्सिमम परफॉर्मन्स' करता येतं. पडदा ठराविक मिनिटांनी बंद होण्याची वेळही वाढवून ठेवा, नाहीतर ऐन धड्यात टीव्ही काळा पडतो.

टीव्हीचं नावच येत नसेल तर या क्रमानं पाहा. टीव्ही बोर्डावरून बंद करून मिनिटभरानं चालू करा. व्हीपीएन (इंटरनेट वेगळ्या मार्गानं नेणारं सॉफ्टवेअर) चालू असेल तर बंद करा. विंडोजमध्ये घरचं वायफाय 'पब्लिक' असं नोंदलं गेलं असेल तर 'प्रायव्हेट' करा, कारण पब्लिकमध्ये फायरवॉल, म्हणजे इतर यंत्रांना अडवणारा पहारा, जास्त कडक असतो. राउटरच्या 'गेस्ट' नावावर दोघांपैकी कुणी बसलेलं नाही ना, ते बघा. गेस्टवरची यंत्रं सहसा एकमेकांना दिसत नाहीत. आणि आधी जोडलेला टीव्ही आता नकार देत असेल तर विंडोजच्या डिव्हाइस यादीतून आणि टीव्हीच्या यादीतूनही एकमेकांना काढून टाका, मग नव्यानं पिन भरा.

चित्राच्या कडा कापल्या जात असतील, खालची पट्टी दिसत नसेल, तर दोष टीव्हीच्या चित्राच्या आकारात असतो. एलजीत 'जस्ट स्कॅन', सॅमसंगमध्ये 'फिट टू स्क्रीन' करा. नेटफ्लिक्ससारख्या ठिकाणचा चित्रपट पाठवताना आवाज येतो आणि चित्र काळं राहतं, ते मात्र संरक्षणामुळे मुद्दाम केलेलं असतं. तिथे टीव्हीतलंच ॲप वापरा.

माउस हलवल्यावर टीव्हीवर बाण किंचित उशिरा हलतो, हे यातलं स्वाभाविक आहे. लॅपटॉप आधी चित्र दाबून लहान करतो, मग पाठवतो, टीव्ही ते उलगडतो. शिकवायला, सभेला, पिक्चर बघायला त्यानं काही बिघडत नाही. वेगवान गेमसाठी एचडीएमआय केबलच हवी. खरं तर चांगली केबल शाळेच्या कपाटात एक असावीच. प्रमुख पाहुणे बसले असताना वायफायनं नकार दिला तर पाच मिनिटं झटापट करण्यापेक्षा केबल लावून कार्यक्रम पुढे न्यावा.

लाईट आणि मागची रांग

लाईट जाते हे धरूनच मांडणी करा. इन्व्हर्टर असेल तर त्यावर टीव्ही घेतलाय पण राउटर किंवा डोंगलचा ॲडॉप्टर दुसऱ्या बोर्डावर राहिलाय, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. लाईट गेली की टीव्ही चालू राहतो आणि चित्र जातं. तिघांचेही प्लग इन्व्हर्टरच्याच बोर्डावर घ्या. इन्व्हर्टरवर जाताना टीव्ही क्षणभर बंद होऊन सुरू होत असेल तर जोडणी तुटणारच. विंडोज आणि के दाबून पुन्हा नाव निवडलं की ती परत येते, दुसऱ्या वेळी बहुधा पिनही विचारत नाही.

टीव्ही दारासमोर किंवा खिडकीसमोर लावला असेल तर दुपारच्या उजेडात काहीच दिसत नाही. दाराच्याच भिंतीला तो लावावा, म्हणजे उजेड पडद्यावर न येता त्याच्या मागून येतो. अक्षर मोठं ठेवा. स्लाइडवर 28 पेक्षा लहान टाइप मागच्या रांगेतल्या पोराला वाचता येत नाही, आणि ग्रामसभेत तर पुढे बसलेल्या वयस्कर मंडळींनाही नाही. एक्सेलचा तक्ता दाखवताना विंडोज आणि अधिकचं चिन्ह दाबा, पडदा मोठा होतो आणि माउस जिथे न्याल तो भाग समोर येतो. विंडोज आणि एस्केप दाबलं की पूर्ववत. गावच्या खर्चाचा आकडा असा मोठा करून, एकेक ओळ वाचत दाखवला की लोक प्रश्न विचारतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभांत ही सोय नुसती वापरली तरी पुष्कळ आहे.

पहिली जोडणी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, त्याच खोलीत, त्याच टीव्हीवर करा. शेजारच्या वर्गातही तसाच टीव्ही असेल तर सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येकाला वेगळं नाव द्या, 'सातवी अ', 'सभागृह' असं. नाहीतर तुमचा धडा दुसऱ्याच वर्गात उमटेल. आणि शाळेतल्या किमान दोघांना, त्यातल्या एखाद्या आठवी-नववीच्या मुलीला, हे सगळं स्वतःच्या हातानं करायला लावा. सर रजेवर असले म्हणून टीव्ही बंद राहू नये.